आभाळातलं नेट बघायला मुरुडला

गावातल्या बायका विचारतात, "कुसुम, तिकडं काय पाहिलंस, सांग की." मला चारचौघींत सांगता येत नाही. तोंड उघडलं की सगळ्या माझ्याकडे बघतात आणि पुढचं बोलणं आटून जातं. लिहिताना कोणी बघत नसतं. चौथीपर्यंतच शिकले, पण लिहायची सवय सोडली नाही. दुपारी घरात कोणी नसलं की दाराला आतून कडी लावायची आणि लिहीत बसायची. हेही दुपारीच लिहिलं आहे. माझा धक्का अजून ओसरलेला नाही, म्हणून कुठे मागेपुढे झालं तर समजून घ्यावं.

गावाहून निघताना

आधी आम्ही का गेलो ते सांगते. मुखेड तालुक्यातल्या आमच्या गावात बायकांचं दूध केंद्र आहे. खोली ग्रामपंचायतीची, यंत्रं डेअरीची आणि राबणं आमचं. केंद्राच्या दाराशी मोठा कडुलिंब आहे. जागा ठरवताना आम्ही पहिली सावलीच पाहिली होती. दुधाचं काम करणारी बाई आधी सावली शोधते. कॅन लिंबाखाली ठेवायचे, त्यांच्यावर ओलं पोतं टाकायचं, पोतं वाळलं की पुन्हा भिजवायचं. माझी आई असंच करायची, मीही करते.

पूर्वी दूध मोजलं की काम संपत असे. आता दुधाची फॅट लागली की तो आकडा नेटवरून नांदेडच्या ऑफिसात जातो, आणि तिथून टँकरवाल्याच्या मोबाइलवर परवानगी येते. ती आल्याशिवाय तो पाइप लावत नाही. रस्ता रुंद करायचं काम निघालं तेव्हापासून जेसीबी जमिनीतली वायर तोडायला लागला. मोबाइलचा टॉवरही त्याच वायरीवर चालतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. वायर तुटली की सगळंच मुकं.

चैत्रात एकदा असंच नेट गेलं, आणि त्याच दिवशी लाईटही गेली. टँकर थोडा वेळ थांबला आणि रिकामा परतला. आमच्याकडे जनरेटर नाही. दूध गार ठेवायच्या कूलरमधलं सगळं दूध नासलं. आम्ही ते बाहेर सोडलं तेव्हा पांढरा ओहळ लिंबाच्या बुंध्यापर्यंत गेला आणि तिथे जिरला. कोणी रडलं नाही. सगळ्या नुसत्या बघत उभ्या होत्या. इतकं दूध जमिनीवर मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर नांदेडहून निरोप आला, केंद्राच्या अध्यक्षांनी येऊन भेटावं. आमच्या अध्यक्ष इंदूताई. वयाने माझ्यापेक्षा लहान, बारावी झालेल्या, बोलायला घाबरत नाहीत. त्यांनी दोघींना सोबत घेतलं. एक शेवंताकाकू, कारण त्यांना घेतलं नाही तर त्या गाव डोक्यावर घेतात. दुसरी मी. मला का घेतलं ते माहीत नाही. बहुतेक मी भांडत नाही म्हणून असेल.

नांदेड

एसटीत अर्ध्या तिकिटावर बसलो. काकू कंडक्टरला म्हणाल्या, "अर्धं तिकीट तर अर्धं शीट देऊ नको रे बाप्पा, मी जाड हाय." सगळी गाडी हसली. मी खिडकीबाहेर तोंड केलं.

डेअरीच्या ऑफिसात इतका गारवा होता की माझ्या अंगावर काटा आला. साहेब तरुण होते, बोलायला वाईट नव्हते. पण त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझे कान बधिर झाले.

"ताई, तुमचं केंद्र पुढच्या महिन्यापासून बंद करायचं वरून ठरलंय. टँकर परत येणं परवडत नाही. तुम्ही दूध हमरस्त्यावरच्या मोठ्या केंद्रावर घाला. पैसे तेवढेच मिळतील."

इंदूताई म्हणाल्या, "साहेब, ते केंद्र लई लांब हाय. डोक्यावर कॅन घेऊन बाई तिथवर कशी जाईल?"

"मग घरच्या माणसांना पाठवा गाडीवर."

खोलीत आम्ही तिघीच बायका होतो आणि तिघींनाही ते एकदम कळलं. दूध जो घालतो त्याच्या नावावर खातं निघतं. आता दुधाचा पगार आमच्या नावावर येतो. मोटारसायकलवर कॅन गेला की नावही मोटारसायकलवर जाणार. माझे मालक वाईट नाहीत. पण माझ्या खात्यात माझं काही आहे, म्हणून माझ्या मुलीची शाळा तालुक्याला चालू आहे. हे मी त्या साहेबांना सांगू शकले असते. सांगितलं नाही. पायाच्या अंगठ्याने फरशी कोरत बसले.

काकूंनी मात्र सोडलं नाही. "तुमची वायर तुटती अन् आमचं केंद्र तोडता व्हय?"

साहेब ओशाळले. मग म्हणाले, "एक उपाय आहे. लातूर जिल्ह्यात मुरुडला बायकांचंच एक केंद्र आहे. त्यांनी चाचणी म्हणून आभाळातलं नेट बसवलंय. वायर तुटली तरी त्यांचं काम थांबत नाही म्हणतात. तुम्ही बघून या. तुम्हाला पटलं तर तुमच्यासाठी मी वर शब्द टाकतो. पण उद्या संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगा. परवा बंद करायच्या केंद्रांची यादी जाणार आहे."

बाहेर आल्यावर ऊन डोळ्यांत घुसलं. इंदूताई वर आभाळाकडे बघत उभ्या राहिल्या. "ह्याच्यात नेट असतंय का गं?" असं त्यांनी मला विचारलं, जसं काही मला माहीत असावं.

त्या रात्री गुरुद्वाऱ्यात जेवलो. आमच्याकडे पंगतीत कोण कुठे बसायचं यावरून रुसवे होतात. तिथे सगळे एका ओळीत खाली बसले होते, मोटारीतून उतरलेलेही आणि आमच्यासारखेही. वाढणारे वाकून, दोन्ही हातांनी पोळी देत होते. मला मात्र उगाच साहेबांचं बोलणं आठवत होतं.

अहमदपूर

सकाळच्या गाडीने लातूरकडे निघालो. रस्त्याच्या कडेने पुन्हा तेच, खोदलेले चर आणि पिवळी यंत्रं. मी आता प्रत्येक जेसीबीकडे वैऱ्यासारखी बघत होते.

अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा एका हॉटेलात सुशीला खाल्ली. मुरमुऱ्याची, वरून शेंगदाणे आणि चुरचुरीत मिरची. आमच्याकडे सुशीला घरात करतात, पण ही जास्त मोकळी होती. खाऊन उठलो तर गल्ल्यावर गर्दी. नेट गेलेलं. खाऊन झालेली माणसं मोबाइल वर धरून उभी होती, पैसे जात नव्हते. हॉटेलवाल्याने अर्धं शटर खाली ओढलं होतं आणि हसत होता, पण सोडत कोणालाच नव्हता.

एक मास्तरासारखा माणूस म्हणाला, "अहो, माझ्या खात्यात पगार आहे, मी काय पळून जातो का?"

"सर, खातं तुमचं हाय, पण सुशीला माझी गेली ना पोटात!"

बाहेर एसटीने हॉर्न वाजवला. इंदूताईंचाही मोबाइल फिरतच राहिला. तेव्हा काकूंनी पदराची गाठ सोडली, आमचे पैसे दिले आणि त्या मास्तरांचेही देऊन टाकले. त्यांना म्हणाल्या, "सर, पदराला नेट लागत न्हाई."

लोक हसले, मीही हसले. गाडीत बसल्यावर मात्र हसू विझलं. एवढी माणसं, खिशात पैसा असलेली, एका तुटलेल्या वायरीपायी शटराच्या आत अडकलेली. आमचंच केंद्र दरिद्री आणि आडगावचं म्हणून असं होतं, असं मला वाटत होतं. तसं नव्हतं. बाजारपेठेची ही तऱ्हा. सगळा कारभार जमिनीखालच्या एका दोरीला टांगलेला आहे आणि कोणाला दिसत नाही, म्हणून कोणी घाबरत नाही.

लातूर ते मुरुड

लातुरात गाडी बदलली. गंजगोलाईतून जाताना पाहिलं, रस्ते चहूकडे फुटतात आणि प्रत्येक रस्त्यावर क्लासच्या मोठमोठ्या पाट्या, त्यांवर मुलामुलींचे फोटो. माझ्या मुलीएवढ्या मुली पाठीवर दप्तर घेऊन भर उन्हात चालल्या होत्या. एकही कोणाला घाबरत नव्हती. मी बराच वेळ बघत राहिले.

मुरुडला पोचलो तेव्हा ऊन कलायचं होतं. गाव मोठं, बाजारपेठ भरलेली. केंद्र गावाच्या कडेला, मोकळ्या माळावर. पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती ही की तिथे झाड नव्हतं. एकसुद्धा नाही. मी मनात म्हटलं, ह्या बायका दूध कसं सांभाळतात?

केंद्राच्या प्रमुख मंगलबाई, उंच, खणखणीत आवाजाच्या. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीतच केंद्र. त्यांनी ताक दिलं आणि म्हणाल्या, "गच्ची मागून दावते, आता पाय भाजतील. आधी खाली बघा."

भिंतीवर दोन डब्या होत्या. मंगलबाईंनी समजावून सांगितलं. एक डबी वायरीच्या नेटची, ती रोज चालते. दुसरी आभाळाची. वायर गेली की दुसरी आपोआप धरते. लाईट गेली तर दोन्ही डब्या बॅटरीवर चालतात. टँकरवाल्याचा मोबाइलही केंद्रावर आला की ह्याच डब्यांच्या नेटवर चालतो.

इंदूताईंनी विचारलं, "टीव्हीची छत्री असती तसंच का?"

"न्हाई ओ. टीव्हीचा उपग्रह लई लांब, एका जागी बसल्यागत. हे खालून पळतात. एक आला, गेला, दुसरा आला."

"पळतात? मग नेट तुटत न्हाई का?"

मंगलबाई हसल्या. "पंगतीत वाढपी कसे असतात? वरणवाला पुढं सरकला की मागून भाजीवाला येतोच. तुमचं पान रिकामं राहतं का? तसंच हाय. अन् जवळून जातात म्हणून इकडून धाडलं की लगेच पोचतं."

मी छताकडे बघितलं. माझ्या डोक्यावरून ह्या घडीला कोणीतरी वाढत वाढत पळत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.  जन्मभर ज्या आभाळाकडे आपण पावसासाठी बघितलं ते इतकं गजबजलेलं आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

एवढ्यात टँकर आला. बायका कॅन घेऊन जमल्या, काही गडीमाणसंही होती. मंगलबाईंना हुरूप चढला. म्हणाल्या, "दावतेच तुम्हाला. मी ही वायर काढते. टँकरवाल्याला कळणारसुद्धा न्हाई." आणि त्यांनी पहिल्या डबीची वायर ओढली.

आम्ही तिघी डोळे फाडून दुसऱ्या डबीकडे बघत होतो. तिचा दिवा लाल होता. लालच राहिला.

बाहेरून टँकरवाला ओरडला, "ओ मंगलबाई, परवानगी येईना की!"

मंगलबाईंनी डबी बंद करून चालू केली. लाल. पुन्हा केली. लाल. "थांबा, वायरच लावते परत," असं म्हणून त्यांनी घाईने वायर खोचली, तर टोकाची इवलीशी प्लास्टिकची जीभ मोडून हातात आली. वायर आता बसेचना. दाबून धरली तरी सुटून येत होती.

  बाहेर उन्हात भरलेले कॅन आणि आत दोन्ही डब्या मेलेल्या.

मग त्या गावच्या बायकांचा तोल सुटला. "पाहुण्यांना तमाशा दाखवायची काय गरज होती?" "ह्या आल्या अन् नेट गेलं." एक तर तोंडावर म्हणाली, "कुठल्या गावच्या ओ तुम्ही, पायगुणाच्या?"

काकू कधी नव्हे त्या गप्प बसल्या. इंदूताईंचा चेहरा उतरला. त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "कुसुम, खलास. साहेबांना नाही म्हणून सांगते. जे इथंच चालत न्हाई ते आपल्याकडं काय चालणार?"

नाही म्हटलं की उद्याच्या यादीत आमचं नाव जाणार होतं. मला मोटारसायकलवर बांधलेला माझा कॅन दिसला. मुलीची शाळेची बस दिसली. आणि त्या सगळ्या बायकांच्या नजरा माझ्यावर होत्या, निदान मला तसं वाटत होतं. तिथे उभं राहणं मला सोसेना. बाजूला गच्चीचा जिना दिसला आणि मी तोंड लपवायला सरळ वर चढून गेले.

गच्ची

वर एक म्हातारी होती. मंगलबाईंची सासू. हातात तांब्या, पायांत प्लास्टिकच्या चपला. कोपऱ्यात लोखंडी खांबावर काहीतरी चौकोनी होतं, पाटाएवढं, आणि त्याच्यावर दुहेरी घडीचं ओलं पोतं नीट चारी बाजूंनी खोचून घातलेलं. म्हातारी त्याच्यावर पाणी शिंपडत होती.

मला क्षणभर वाटलं, दुधाचा कॅन आहे. मी स्वतः तसंच पोतं घालते. तसंच खोचते.

मग कळलं, हीच ती आभाळातल्या नेटची छत्री.

मी जागीच उभी राहिले. म्हातारी म्हणाली, "कोण गं तू? पाहुणी का? बघ, लेकराला किती ताप हाय. परवा हात लावला तर चटका बसला. मंगल नुसती दिवे बघती, ह्याच्याकडं कोण बघतंय? मीच पोतं टाकलं. दोन येळा भिजवते."

मी पुढे झाले आणि पोत्याचं एक टोक उचललं. खाली पांढरी, चपटी पाटी, आभाळाकडे तोंड करून बसलेली. गरम होती खरी. मी सगळं पोतं ओढून काढलं.

थोडा वेळ काही झालं नाही. मला वाटलं मीही मूर्खच. मग खालून आरडाओरड झाली, "आलं! आलं! नेट आलं!"

 म्हातारी मात्र चिडली. "कामून काढलंस? ऊन लागतंय त्याला!" आणि तिने माझ्या हातातलं पोतं हिसकून पुन्हा छत्रीवर टाकलं, वर तांब्याही रिकामा केला.

खालून टँकरवाल्याचा आवाज, "ह्याच्या मायला, गेलं परत!"

मी पोतं काढलं. "आलं!" म्हातारीने टाकलं. "गेलं!" आता खालचे लोक वेड लागल्यासारखे ओरडत होते आणि वर आम्ही दोघी एका पोत्याची ओढाओढ करत होतो. म्हातारीच्या हातात काय ताकद होती! मला हसूही येत होतं आणि रडूही. एवढ्या लांबून पळत येणारं ते काहीतरी, ज्याला जेसीबी तोडू शकत नाही, ते आमच्या रोजच्या ओल्या पोत्यापाशी येऊन थांबत होतं.

शेवटी मी कठड्याशी गेले. खाली अंगणभर माणसं, गडीमाणसंही. मी आयुष्यात परक्या पुरुषांसमोर आवाज काढलेला नाही. पण हातात पोतं होतं आणि ते सोडलं असतं तर म्हातारीने पुन्हा टाकलं असतं.

"पोतं!" मी ओरडले. "ह्याच्यावर पोतं होतं!"

सगळ्यांनी माना वर केल्या. मग मंगलबाई धावत वर आल्या, बघितलं आणि कपाळावर हात मारून खालीच बसल्या. "आत्याबाई, ओ आत्याबाई, कधीपासून हाय हे?"

"परवापासून. तुला कुठं दिसतंय?"

परवापासून छत्री आंधळी होती. वायरीचं नेट चालू होतं, म्हणून कोणाला कळलं नव्हतं. मंगलबाई कितीतरी वेळ तेच म्हणत होत्या. "आज तुम्ही आला नसता, अन् एखाद्या दिवशी खरंच वायर तुटली असती तर?"

त्या संध्याकाळी टँकर भरून गेला. मघाशी आमचा पायगुण काढणाऱ्या बाईनेच आम्हाला जेवायला नेलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, कांदा. काकूंनी तिला सोडलं नाही. "पायगुण कसा वाटला मग?" ती लाजून आणखी एक भाकरी वाढून गेली. इंदूताईंनी तिथूनच साहेबांना फोन लावला आणि म्हणाल्या, "हो. आम्हाला पाहिजे."

सगळ्या खूश होत्या. मी नव्हते. मी पुन्हा गच्चीवर जाऊन उभी राहिले होते. छत्रीच्या वर सगळं आभाळ उघडं होतं, एक फांदीही नाही. तेव्हा कळलं, ह्या नेटसाठी झाड नसलेल्या माळावरचं हे केंद्र का निवडलं. आणि मला आमचा लिंब आठवला.

परत

परतीच्या गाडीत, लातूर सोडल्यावर, मी इंदूताईंना सांगितलं. "ताई, एका पोत्यानं नेट बंद झालं. आपल्या केंद्रावर तर सगळा लिंब हाय."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. होकार तर देऊन बसल्या होत्या.  मग हळूच म्हणाल्या, "लिंब तोडायचा?"

"तोंड सांभाळून बोल," काकू म्हणाल्या. "लिंब तोडला तर दूध उन्हात नासंल. ह्या बाजूनं वाचवा अन् त्या बाजूनं सांडा. अन् दुपारची टेकायला तेवढीच जागा हाय आम्हाला."

"मग दुसऱ्या कुणाच्या छतावर बसवू अन् वायर ओढून घेऊ. कुणाचं हाय जवळ?" इंदूताईंनी विचारलं.

दोघी घरं आठवायला लागल्या. एकीचे पत्रे, वाऱ्यात उडतात. एकीची गच्ची लिंबाच्याच फांदीखाली. एकीचं घर लांब. मी खिडकीबाहेर बघत होते. मला उत्तर माहीत होतं. केंद्रासमोर, गल्लीच्या पलीकडे, ज्या एका घरावर स्लॅब आहे आणि वर आभाळाशिवाय काही नाही, ते माझं घर. दोघी ते नाव घेत नव्हत्या. मला माहीत आहे का ते. माझ्या गच्चीचा जिना स्वयंपाकघरातून जातो, आणि मी दाराला कडी लावणारी बाई आहे. हळदीकुंकवालासुद्धा बायका माझ्याशी उंबऱ्याबाहेरून बोलतात.

अहमदपूर गेलं. जांब आलं. मी बोलले नाही. मनात दिसत होतं, वायरमन येतोय, कोणी छत्री पुसायला येतंय, कोणी नुसतंच बघायला, चुलीपुढून ये-जा, आणि दुपारची ती माझी एकटीची वेळ संपलेली. दुसरीकडे तो पांढरा ओहळ दिसत होता. आणि ती म्हातारी, जिने कोणी सांगितलं नसताना लेकरासारखं त्या पाटीला जपलं होतं.

मुखेडच्या स्टँडवर उतरलो तेव्हा काकू पिशव्या मोजत होत्या. मी म्हटलं, "माझ्या घरावर बसवा."

"काय?" काकूंना ऐकू आलं नाही, की ऐकू आलेलं खरं वाटलं नाही, कोण जाणे.

"माझ्या गच्चीवर. ह्यांना मी सांगते."

इंदूताईंनी भर स्टँडवर माझा हात धरला. मला लाज वाटली, पण मी सोडवला नाही.

घरी मालकांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. घास तसाच हातात राहिला. म्हणाले, "तुझ्या घरातून सगळ्या गावाला जाऊ देणार? तू?" मी हो म्हटलं. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी गच्चीवरची जळणाच्या तुराट्यांची रास त्यांनी स्वतः खाली उतरवली.

छत्री आली, बसली. लिंब आहे तिथेच आहे. सुरुवातीला रोज कोणी ना कोणी वर जायचं आणि मी चुलीपुढे अंग चोरून बसायची. आता दुपारची कडी मी लावत नाही. लावून उपयोग नसतो, पुन्हा उघडावीच लागते. हे लिहितानाही दार उघडंच आहे.

मध्यंतरी एक दिवस आला. नेहमीसारखा टँकर आला, पाइप लावला, भरला, गेला. आम्ही कॅन धुतले, लिंबाखाली पालथे घातले. दिवस कलल्यावर मुखेडहून माणसं आली तेव्हा त्यांनी सांगितलं की सकाळपासून तालुक्याला नेट नाही, बँकेत गर्दी, पंपावर भांडणं. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. आमच्याकडे काहीच झालं नव्हतं. गेल्या खेपेला दूध सांडलं तेव्हा जेवढा धक्का बसला नव्हता, तेवढा ह्या काहीच न होण्याने बसला. इंदूताई मटकन लिंबाच्या पारावर बसल्या.

काकूंना राहवेना. त्या माझ्या घरात शिरल्या, स्वयंपाकघरातून सरळ वर गेल्या. मीही मागोमाग गेले. गच्चीच्या तोंडाशी त्यांनी चपला काढल्या आणि भाजत्या स्लॅबवर पाय उचलत उचलत छत्रीपाशी पोचल्या. तिच्यावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"अगं बाई, कुसुम, किती तापलंय गं हे! एखादं पोतं तरी..."

"तापू द्या!" मी म्हटलं.

एवढ्या मोठ्यानं म्हटलं की खाली लिंबाखाली बसलेल्या सगळ्या बायकांनी वर बघितलं.